लाइट लागून राहिला, पण दिसून नाही राहिलं

"साहेब, लाइट लागून राहिला, पण दिसून नाही राहिलं काहीच."

बुटीबोरीच्या एमआयडीसीत नेटवर्कचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर हे वाक्य कधी ना कधी येतंच. बोलणारा कधी स्टोअरकीपर असतो, कधी गेटच्या काट्यावरचा पोरगा, कधी अकाउंट्समधल्या मॅडम. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं, कारण अर्धं निदान त्यातच झालेलं असतं. लाइट लागतो आहे म्हणजे तार पोहोचली आहे, दोन्ही टोकांना वीज आहे, लॅन कार्ड जिवंत आहे. दिसत नाही म्हणजे घोळ बहुतेक वेळा तारेच्या वर कुठं तरी आहे. तो ड्रायव्हरमध्ये असेल, प्रोटोकॉलमध्ये असेल, नाहीतर दोन यंत्रांनी आपसात न जुळवलेल्या एखाद्या सेटिंगमध्ये. 'बहुतेक वेळा' असं मुद्दाम म्हणतो, कारण या नियमाला छेद देणारे किस्सेही इथंच घडले.

नागपूरहून वर्धा रोडनं निघालं की खापरी आणि जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम मागं पडतं आणि साधारण तीस किलोमीटरवर बुटीबोरी येते. इथून एक रस्ता वर्ध्याकडं फुटतो, दुसरा हैदराबादकडं जातो. पाट्यांवर इंडोरामा, केईसी, सिएट अशी नावं दिसतात. हे किस्से त्या मोठ्या कारखान्यांचे नाहीत. त्यांच्याकडं आयटीचा स्वतंत्र विभाग असतो. हे किस्से आतल्या रस्त्यांवरच्या लहान-मध्यम युनिटांचे आहेत, जिथं इलेक्ट्रिशियनच नेटवर्क पाहतो, सर्व्हर जिन्याखाली बसतो आणि एकाच शेडमध्ये तीन पिढ्यांचे कॉम्प्युटर नांदत असतात. त्यांना एकमेकांशी बोलतं करणं हा आमचा धंदा. युनिटांची आणि माणसांची नावं मी घेणार नाही.

हा धंदा मुळात का उभा राहिला, हे आधी सांगायला हवं. बॉब मेटकाफनं झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत इथरनेटची कल्पना मांडणारं टिपण लिहिलं ते २२ मे १९७३ ला. पुढं १९८३ मध्ये त्याचं आयट्रिपलई ८०२.३ हे मानक झालं. म्हणजे तारेवर काय धावायचं, किती वेगानं, कोणत्या क्रमानं, याचा करार सगळ्या जगानं केला. पण कार्ड आणि ते ज्या कॉम्प्युटरमध्ये खोचलं आहे तो कॉम्प्युटर, या दोघांमधला करार कुणीच सगळ्यांसाठी केला नाही. तो ज्याचा त्यानं करायचा. ड्रायव्हर म्हणजे हाच खासगी करार. दोन कंपन्यांची कार्डं तारेवर एकमेकांना शिस्तीत ओळखतात आणि आपल्याच कॉम्प्युटरला मात्र ओळख देत नाहीत, याचं मूळ इथं आहे.

नव्वदच्या दशकात या अडचणीवर बाजारानं एक तोड काढली होती. नोव्हेल कंपनीनं आपलं नेटवेअर हे नेटवर्कचं सॉफ्टवेअर पसरावं म्हणून एनई२००० नावाचं स्वस्त कार्ड आणलं होतं. त्यातली मुख्य चिप नॅशनल सेमिकंडक्टरची ८३९० होती आणि रचना सोपी. तैवानमध्ये त्याच्या नकला निघाल्या आणि जगभर पसरल्या. नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानात मिळणाऱ्या कार्डाच्या खोक्यावर कंपनीचं नाव काहीही असो, 'एनई२००० कंपॅटिबल' हे शब्द असायचेच. सगळ्यांचा ड्रायव्हर एक, म्हणून कार्ड कुणाचंही चालेल, असा हिशेब. पुष्कळदा तो बरोबर निघे. चुकला की कसा चुके, याचा किस्सा धर्मकाट्याचा आहे.

एका युनिटच्या गेटवर धर्मकाटा होता. काट्याचा इंडिकेटर सिरियल केबलनं गेटवरच्या डॉसच्या कॉम्प्युटरला जोडलेला, कॉम टू पोर्टवर, कारण कॉम वनवर माउस होता. ट्रक काट्यावर चढला की पडद्यावर वजन यायचं आणि पावती छापली जायची. मालकाला ते वजन तिथल्या तिथं ऑफिसात दिसायला हवं होतं. म्हणून गेटवरच्या कॉम्प्युटरमध्ये कंपॅटिबल कार्ड बसवलं, ऑफिसपर्यंत कोॲक्सची काळी तार ओढली, टोकाला पन्नास ओहमचा टर्मिनेटर लावला. सर्व्हर दिसला. सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी ट्रक काट्यावर उभा, आणि पोरगा सांगतो, "साहेब, पावती सेव्ह केली का वजन हालूनच नाही राहिलं." आकडा गोठलेला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की पुन्हा ठीक, पुढची पावती सेव्ह केली की पुन्हा तेच. संशय अर्थातच काट्यावर गेला. काट्याच्या कंपनीचा माणूस आला, लोडसेल तपासले, वजनं ठेवून कॅलिब्रेशन केलं. काट्यात काहीच दोष नव्हता. बाहेर ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली.

दोष एका आकड्यात होता. त्या काळच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक उपकरणाला प्रोसेसरला हाक मारण्यासाठी एक ओळ दिलेली असे, तिला आयआरक्यू म्हणत. एकूण ओळी सोळा, त्यातल्या बऱ्याचशा आधीच वाटलेल्या. एनई२००० जातीची कार्डं कारखान्यातून यायची ती ३०० हा पत्ता आणि ३ नंबरचा आयआरक्यू घेऊन. आणि कॉम टू पोर्टचा आयआरक्यूही ३ च. त्या जुन्या आयसा स्लॉटच्या रचनेत दोघांनी एक ओळ वाटून घेणं जमत नसे. जोवर नेटवर्क शांत, तोवर काटा बोलायचा. नेटवर्कवर काही गेलं की ओळ कार्डानं धरली, आणि काट्याची हाक कुणापर्यंत पोहोचेना.

उपाय कार्डासोबत आलेल्या फ्लॉपीतच होता. डॉसमध्ये सेटअपचा प्रोग्राम चालवायचा आणि कार्डाचा आयआरक्यू ३ वरून १० करायचा. पण एवढ्यानं भागत नाही. ड्रायव्हरलाही तोच आकडा सांगावा लागतो, नेट डॉट सीएफजी नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून. कार्डाला सांगितलं आणि ड्रायव्हरला सांगायचं राहिलं, की कार्ड एका ओळीवर हाक मारतं आणि ड्रायव्हर दुसरीवर कान लावून बसतो. या दुसऱ्या अर्ध्याच्या विसरण्यातून बुटीबोरीत किती कार्डं 'खराब' ठरून भंगारात गेली असतील, याचा विचार केला की आजही वाईट वाटतं. त्या युनिटच्या इलेक्ट्रिशियननं मात्र एक काम फार चांगलं केलं. पांढऱ्या चिकटपट्टीवर बॉलपेननं पत्ता आणि आयआरक्यू लिहून ती पट्टी कॅबिनेटच्या मागं चिकटवली. त्या पट्टीनं पुढं आलेल्या प्रत्येक माणसाचे तास वाचवले.

नेटवेअरच्याच काळातला आणखी एक घोळ थोडक्यात सांगतो. नेटवेअर ३.११ पर्यंत तारेवर माहिती ज्या बांधणीत जायची ती बांधणी ३.१२ पासून बदलली. आधी ८०२.३, नंतर ८०२.२. तार तीच, कार्ड तेच, ड्रायव्हर तोच. तरी एका जागी नवा सर्व्हर आल्यावर अर्ध्या कॉम्प्युटरना फक्त जुना दिसे आणि उरलेल्यांना फक्त नवा. कुणालाच दोन्ही दिसत नव्हते. दोन्ही बांधण्यांची नावं त्या फाइलमध्ये एकाखाली एक लिहिली आणि भांडण मिटलं.

मग विंडोज आलं आणि आयआरक्यूचे आकडे हळूहळू आमच्या बोलण्यातून गेले. पीसीआयची कार्डं स्वतःच आपली ओळ मागून घेत. पण विंडोज ९८ ची एक खोड जुन्या लोकांना आठवत असेल. नेटवर्कमध्ये काहीही बदललं की ते सीडी मागायचं. कारखान्यात सीडी कुणाच्या कपाटात आहे हे कुणालाच ठाऊक नसायचं. म्हणून आमच्यात एक रीत पडली होती. पहिल्याच दिवशी सीडीतलं विन९८ हे फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायचं. त्याच फोल्डरमुळं पुढं कित्येकदा रात्री अकरा वाजता सीताबर्डीकडं परत धावावं लागलं नाही.

विंडोज ९८ च्या काळात नेटबीईयूआय नावाचा प्रोटोकॉल फार लोकप्रिय होता, कारण त्याला पत्ता द्यावा लागत नसे. कॉम्प्युटरला नाव दिलं की झालं. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि त्याच्या नेहमीच्या यादीतून हा प्रोटोकॉल गेला. तो होता सीडीतल्या व्हॅल्यूॲड फोल्डरमध्ये, पण तिथं शोधायचं कुणाला सुचणार? एका युनिटात अकाउंट्सला एक्सपीचा नवा कॉम्प्युटर आला तो मार्च संपत असताना. टॅलीचा डेटा होता ९८ च्या मशीनवर. नव्याला जुनं दिसेना, जुन्याला नवं. कार्डाचे लाइट दोन्हीकडं नीट लागलेले. दुकानदारानं कार्ड बदलून दिलं, मग ड्रायव्हर बदलला, मग पुन्हा कार्ड. दोष कार्डातही नव्हता आणि ड्रायव्हरमध्येही. दोघं एकमेकांना न कळणाऱ्या भाषांत बोलत होते.

इथं दोन वाटा होत्या. नव्या मशीनवर जुना प्रोटोकॉल चढवायचा, किंवा सगळी जुनी मशीनं टीसीपी-आयपीवर न्यायची. पहिली वाट दहा मिनिटांची. मी अशा वेळी नेहमी दुसरीचा आग्रह धरला आहे. प्रत्येक मशीनला पत्ता द्या, तो वहीत लिहा, वही स्टोअरमध्ये ठेवा. नवीन मशीनला जुन्याच्या सवयी लावल्या की अडचण फक्त पुढच्या खरेदीपर्यंत लांबते, आणि पुढच्या वेळी ती सोडवायला आपण असूच असं नाही.

आता तो नियम मोडणारा किस्सा. यात लाइट लागलेला होता आणि तरी चूक तारेतच होती.

एका युनिटनं मागच्या बाजूला नवीन शेड बांधली. केबल ओढण्याचं आणि क्रिंपिंगचं काम वायरिंगच्या ठेकेदाराच्या माणसानं केलं. माणूस हाताचा फार साफ. केबल ट्रेमधून सरळ, वळणं मोठी, प्रत्येक टोकाला नंबर. टेस्टर लावला की एक ते आठ दिवे क्रमानं लागायचे. पण फाइल उघडायला मिनिटं लागत. गंमत म्हणजे दहा मेगाबिटची जुनी कार्डं असलेले कॉम्प्युटर बऱ्यापैकी चालत आणि शंभर मेगाबिटचे नवे कोरे कॉम्प्युटर रखडत. त्यामुळं सगळ्यांचा निष्कर्ष एकच. नवीन कार्डाचा ड्रायव्हर खराब. ड्रायव्हर काढले, घातले, नवी आवृत्ती, जुनी आवृत्ती. काही फरक नाही.

मग एक जोडणी हातात घेऊन उजेडात धरली. आरजे-४५ चं प्लास्टिक पारदर्शक असतं, आतले रंग दिसतात. केशरी-पांढरा, केशरी. हिरवा-पांढरा, हिरवा. निळा-पांढरा, निळा. तपकिरी-पांढरा, तपकिरी. दोन्ही टोकांना अगदी हाच क्रम. जोडीला जोडी लागून, पाहताच आवडावं असं काम. आणि चूक नेमकी हीच होती.

इथरनेट एक जोडी वापरतं ती पिन १ आणि २ वर, दुसरी पिन ३ आणि ६ वर. मधल्या ४ आणि ५ टेलिफोनच्या परंपरेतून आलेल्या आहेत. टेलिफोनची जोडी मधोमध असते, म्हणून तिच्या दोन्ही अंगांना ३ आणि ६. त्या साफ क्रमात पिन ३ वर हिरवा-पांढरा आला आणि पिन ६ वर निळा. म्हणजे एकाच संदेशाच्या दोन तारा दोन वेगवेगळ्या पिळांमधल्या. पीळ असतो तोच मुळी बाहेरचा गोंधळ कापण्यासाठी. दोन तारा एकमेकींभोवती फिरल्या की बाहेरून येणारा त्रास दोघींवर सारखा पडतो आणि पलीकडं वजा होऊन जातो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८१ मध्ये टेलिफोनसाठी शोधली होती. पीळ तुटला की वजाबाकी होत नाही. मग शेडमधल्या मोटारींचा त्रास आणि शेजारच्या जोडीचा आवाज, दोन्ही सरळ आत. दहा मेगाबिट हे सोसतं, शंभर सोसत नाही. आणि साधा टेस्टर फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे का, एवढंच पाहतो. कोणती तार कुणाबरोबर पिळलेली आहे हे त्याला कळत नाही.

"पण दोन्हीकडं सारखंच तं केलं ना साहेब," तो माणूस म्हणाला. त्याचं म्हणणं तर्काला धरूनच होतं. त्याला कुणी कधी कारण सांगितलं नव्हतं, फक्त क्रिंपर दिला होता. कारण सांगितलं तेव्हा त्यानं एक कोरी जोडणी घेतली आणि केशरी-पांढरा, केशरी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी असा क्रम लावून दाखवला. मग सगळी टोकं कापून पुन्हा लावली. एकाही ड्रायव्हरला हात न लावता शेड धावू लागली. आज तो माणूस स्वतःचा ठेका घेतो, आणि त्याच्या हाताखालच्या पोरांना क्रमाआधी पीळ शिकवतो. बुटीबोरीत मला ज्या कामांचा अभिमान वाटतो त्यात हे वरचं आहे, आणि ते काम त्याचं आहे.

तारेचाच दुसरा प्रकार काटकसरीतून आला. शंभर मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, केबलमध्ये असतात चार. मग एका केबलमध्ये दोन कॉम्प्युटर, किंवा उरलेल्या जोडीवर टेलिफोन, अशी वाटणी आपल्याकडं सर्रास झाली. तेव्हा ती चुकीची नव्हती. गिगाबिटची कार्डं आणि गिगाबिटचे स्विच आले तेव्हा ती अंगावर आली. दोन्ही टोकांची बोलणी होतात ती पहिल्या दोन जोड्यांवर. तिथं दोघंही म्हणतात, आपल्याला हजार येतं, हजारानंच चालू. मग चारही जोड्यांवर सुरुवात करायला जातात आणि उरलेल्या दोन जोड्या तिथं नसतातच. काही कार्डांचे ड्रायव्हर समजून शंभरावर उतरतात. काहींचे उतरत नाहीत, आणि लाइट लागतो, विझतो, लागतो, विझतो. जुना कॉम्प्युटर तिथं लावला की मुकाट चालतो, म्हणून नवा 'डिफेक्टिव्ह' म्हणून दुकानात परत जातो. दुकानात तो उत्तम चालतो. अशी एक फेरी झालेला कॉम्प्युटर मी पाहिला आहे, ड्रायव्हरमध्ये वेग शंभरावर पक्का केल्यावर तो त्याच जागी कायमचा स्थिरावला.

आणि उन्हाळा. नागपूरचा मे महिना बाहेरच्यांना सांगून कळत नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो आणि पत्र्याखालच्या केबल ट्रेमध्ये त्याहून कितीतरी जास्त. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, संदेश लवकर विरतो. केबलची शंभर मीटरची मर्यादा वीस अंशांच्या हिशेबानं ठरवलेली आहे. ती लांबी बुटीबोरीच्या पत्र्याखाली तितकीच पकडणं धोक्याचं. एका युनिटात जेमतेम शंभरात बसवलेली एक लाइन दुपारी पडायची. आयटीचं काम पाहणाऱ्या पोरानं रात्री शिफ्ट संपल्यावर नवीन ड्रायव्हर टाकला. चाललं. दुसऱ्या दुपारी पुन्हा बंद. पुन्हा रात्री आणखी वेगळा ड्रायव्हर. "रात्री तं चालून राहिलं होतं," हे तो शपथेवर सांगत होता आणि ते खरंच होतं. रात्री पत्रा निवायचा. मध्ये एक स्विच घालून लाइन दोन तुकड्यांत तोडली, तेव्हा तो बिचारा ड्रायव्हरच्या फेऱ्यातून सुटला.

यंत्रांच्या कंट्रोलरचे किस्से वेगळ्या जातीचे असतात, कारण तिथं आपल्याला आत शिरायची परवानगीच नसते. एका मशीन शॉपमध्ये जुना स्विच जळाला आणि नवा बसवला. एका मशीनचा कंट्रोलर पिंगला झटक्यात उत्तर द्यायचा, पण त्यावर प्रोग्राम पाठवला की मध्येच अडायचा. ऑपरेटरचा प्रश्न रास्त होता. "पिंग येऊन राहिला, मग प्रोग्राम काहून नाही जाऊन राहिला?"

पिंग हा अगदी लहान निरोप. प्रोग्राम मोठा. मोठा निरोप जाताना दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतात, आणि तसं बोलायची मुभा आहे का, यावर दोघांचं एकमत लागतं. मशीनच्या कंपनीनं कंट्रोलरमध्ये 'शंभर, फुल डुप्लेक्स' असं पक्कं करून ठेवलं होतं. पक्कं केलेली बाजू वाटाघाटी करत नाही. नवा स्विच मात्र वाटाघाटीची वाट पाहतो. समोरून काहीच आलं नाही की त्याला वेग कळतो, पण डुप्लेक्स कळत नाही, आणि मानकाप्रमाणं तो हाफ धरतो. आता एक बाजू हवं तेव्हा बोलते, दुसरी समोरचा बोलतोय म्हटल्यावर थांबते आणि आपलं बोलणं धडकलं असं समजून पुन्हा पाठवते. लहान निरोप या गोंधळातून निभावून जातो, मोठा फाटतो.

दोन्हीकडं पक्कं करा किंवा दोन्हीकडं मोकळं सोडा, हा याचा सरळ नियम. पण कंट्रोलरच्या सेटिंगला पासवर्ड होता आणि तो मशीनच्या कंपनीच्या इंजिनीअरकडं. तो परराज्यातून येणार, त्याच्या येण्या-जाण्याचा खर्च युनिटनं करायचा. स्वस्तातल्या स्विचमध्ये पोर्टचं सेटिंग बदलताच येत नाही. शेवटी त्या एका मशीनसाठी सेटिंग बदलता येणारा स्विच आणला, त्याचा एक पोर्ट शंभर-फुलवर पक्का केला, आणि प्रोग्राम एका दमात गेला. आपण विकत घेतलेल्या यंत्राच्या नेटवर्कचं एक सेटिंग आपल्याला बदलता येऊ नये, हे मला अजूनही मान्य नाही.

गेटवरच्या काट्यांचा प्रश्न नव्या रूपात परत आला तो कॉम पोर्ट नसलेले कॉम्प्युटर आले तेव्हा. इंडिकेटर सिरियलच, म्हणून यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर आले. बाजारातल्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये नकली चिप असण्याची शक्यता मोठी. नवीन ड्रायव्हर ती ओळखतो आणि नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि दहा नंबरचा दोष. ऑक्टोबर २०१४ मध्ये तर जगभर गाजलेला प्रकार झाला. एफटीडीआय कंपनीचा नवीन ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्यानं नकली चिपांच्या आतला ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. मग त्या कुठल्याच कॉम्प्युटरला ओळखू येईनात. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागं घेतला गेला. नकली चिप बनवणाऱ्याला धडा मिळायलाच हवा, याबद्दल माझं दुमत नाही. पण इथं शिक्षा झाली ती काउंटरवर पैसे मोजून, पावती घेऊन कन्व्हर्टर आणणाऱ्या माणसाला, ज्याला चिप खरी की खोटी हे पाहायचं साधनच नव्हतं. गेटवरच्या कामासाठी तेव्हापासून मी कन्व्हर्टरच्या फंदात पडत नाही. कॉम्प्युटरच्या आत कॉम पोर्टचं कार्ड बसवा, हेच सांगतो.

२०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर आलं. विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या, एसएमबी-१ मधल्या एका फटीतून ते पसरलं. मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, आणि हल्ल्यानंतर एक्सपीसाठीही दिली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या विंडोज १० पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी-१ बसवणंच बंद झालं. निर्णय योग्य होता. पण एक्सपीला एसएमबी-१ सोडून दुसरं काही येतच नाही. आणि बुटीबोरीतल्या टेस्टिंग लॅबमध्ये एक्सपी हौस म्हणून ठेवलेलं नसतं. ताण मोजणाऱ्या मशीनचं पीसीआय कार्ड त्या कॉम्प्युटरमध्ये असतं आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर ३२ बिटच्या एक्सपीपुढं कुणी लिहिलेलाच नाही. मशीन लाखांचं, तब्येतीनं ठणठणीत, पण एका न लिहिलेल्या ड्रायव्हरनं जागेवर खिळलेलं.

अशा एका लॅबमधून फोन आला तो त्याच ओळखीच्या वाक्यानं. ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर नवे झाले होते आणि रिपोर्टचं फोल्डर कुणालाच दिसत नव्हतं. नव्या मशीनांवर एसएमबी-१ परत चालू करा, असा सल्ला तिथं आधीच कुणी तरी देऊन गेला होता. तसं केलं असतं तर एका मशीनसाठी सगळ्या ऑफिसचं दार उघडं पडलं असतं. आम्ही एक जुना डेस्कटॉप घेतला, त्यात दोन लॅन कार्डं घातली आणि लिनक्स टाकलं. एका कार्डावर फक्त एक्सपीचं मशीन, दुसऱ्यावर ऑफिस. मधला डेस्कटॉप एका बाजूनं जुन्या पद्धतीनं रिपोर्ट उचलतो, दुसऱ्या बाजूनं नव्या पद्धतीनं दाखवतो. एक्सपीला ऑफिस दिसत नाही, ऑफिसला एक्सपी दिसत नाही, रिपोर्ट मात्र काही मिनिटांत पोहोचतो.

त्यातलं एक कार्ड रिअलटेक ८१३९ चं होतं, स्टोअरच्या ड्रॉवरमधून काढलेलं, सीडी केव्हाच हरवलेलं. लिनक्सनं ते आपणहून ओळखलं. नव्वदच्या दशकात नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनी लिनक्ससाठी अशा स्वस्त कार्डांचे कितीतरी ड्रायव्हर लिहिले आणि सगळ्यांसमोर उघडे ठेवले. पुढं इतरांनी ते सांभाळले, सुधारले. ८१३९ चा ड्रायव्हर त्याच वंशातला. कार्ड विकणारी दुकानं बंद झाली तरी ड्रायव्हर कुणाच्या कुलपात अडकला नाही. एक्सपीवर अडकलेलं ताणाचं मशीन आणि शेजारी धावणारं हे कार्ड, दोन्ही एकाच टेबलावर आहेत, आणि दोघांमधला फरक एवढाच आहे.

त्या लॅबला यंदा दुसरं टेस्टिंग मशीन घ्यायचं आहे. परचेसच्या ताईंनी ऑर्डरच्या मसुद्यात किमतीखाली नव्या अटी घातल्या आहेत: ड्रायव्हरची प्रत मशीनसोबत मिळावी, तो पुढच्या विंडोजवर चालेल याची लेखी हमी असावी, आणि नेटवर्क सेटिंगचा पासवर्ड युनिटकडं राहावा. पुरवठादारानं प्रत आणि पासवर्ड कबूल केला आहे. हमीवर बोलणी चालू आहेत, आणि ताईंनी ॲडव्हान्सचा चेक तोवर काढलेला नाही.